सिकलसेलचे औषध आणि आरोग्य नोंदींचे गणित

सिकलसेलने आजारी असलेल्या, २० किलो वजनाच्या एका मुलाला ५०० मिलिग्रॅमच्या १५ कॅप्सूल दिल्या, एवढीच नोंद रुग्णालयाच्या संगणकात आहे, असे समजू या. या मुलाला दररोज किती औषध मिळाले? हे औषध ३० दिवसांसाठी असेल तर उत्तर येते दिवसाला २५० मिलिग्रॅम. १५ दिवसांसाठी असेल तर तेच उत्तर ५०० मिलिग्रॅम होते. पहिली मात्रा या आजारात नेहमी दिल्या जाणाऱ्या मर्यादेत बसते. दुसरी मात्रा तिच्या दुप्पट असून, उपचाराच्या आरंभी ती दिल्यास रक्तपेशींची संख्या धोकादायकरीत्या घटू शकते. नोंदीतील दिवसांचा एक रकाना रिकामा राहिला, तर दोहोंपैकी खरे काय, हे संगणकाला सांगता येत नाही.

आरोग्य नोंदी कागदावरून संगणकावर येत आहेत आणि निरनिराळ्या रुग्णालयांच्या नोंदी एकाच साच्यात बसविण्याचे काम जगभर सुरू आहे. अशा प्रमाणित नोंदींतून औषधाची मात्रा कशी काढली जाते आणि हा हिशेब कोठे चुकतो, हे छत्तीसगडची राजधानी रायपूर आणि तिच्या परिसरातील आजारांच्या उदाहरणांवरून चांगले समजते.

रायपूरमध्येच हा प्रश्न का?

छत्तीसगड हे देशातील सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांपैकी एक आहे. रायपूरच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राज्यातील साडेतीन लाखांहून अधिक व्यक्तींची तपासणी करण्यात आली होती. त्यांत नऊ टक्क्यांहून किंचित अधिक व्यक्ती वाहक आढळल्या, तर ०.२१ टक्के व्यक्तींना प्रत्यक्ष आजार होता. शेजारच्या विदर्भातील गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि नागपूर या जिल्ह्यांतही हा आजार आढळतो. रायपुरात सिकलसेलसाठी स्वतंत्र संस्था आहे. पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच 'एम्स', याही याच शहरात आहेत.

सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. यात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात. हायड्रॉक्सियुरिया हे त्यावरील प्रमुख औषध आहे. मूळचे कर्करोगावरील हे औषध शरीरातील गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते आणि वेदनांचे झटके कमी करते. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढ सिकलसेल रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली.

हे औषध वजनानुसार द्यावे लागते. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅमपासून आरंभ करून रक्ततपासणीच्या आधारे मात्रा वाढविली जाते. वरची मर्यादा ३५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मुलांना त्याहून कमी मात्रा पुरते का, याचा अभ्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. किलोमागे १० मिलिग्रॅम या स्थिर मात्रेचाही चांगला उपयोग होतो, असा निष्कर्ष त्यांनी २०१२ मध्ये मांडला. मात्रा कमी पडली तर झटके थांबत नाहीत. अधिक झाली तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात. त्यामुळे या औषधाच्या बाबतीत 'किती दिले' हा प्रश्न 'कोणते दिले' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

नोंदीत मात्रा नसते

डॉक्टर चिठ्ठीवर 'एक गोळी दोन वेळा' असे लिहितात. औषधाच्या खिडकीवर 'गोळ्या ६०' अशी नोंद होते. रुग्णाला दिवसाला किती मिलिग्रॅम औषध मिळाले, हे बहुधा कोणीच लिहीत नाही. तो आकडा मागाहून काढावा लागतो.

निरनिराळ्या रुग्णालयांच्या नोंदी अभ्यासासाठी एकत्र आणताना जगभर वापरला जाणारा एक साचा 'ओमॉप' या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत औषधांच्या सुरक्षिततेच्या अभ्यासासाठी तो प्रथम तयार झाला. आज 'ओडिसी' या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा समूह तो सांभाळतो. या साच्यात औषधाची माहिती दोन तक्त्यांत विभागलेली असते. पहिल्या तक्त्यात रुग्ण, औषधाचा संकेतांक, आरंभाची तारीख, दिलेली संख्या आणि किती दिवसांसाठी दिले, हे रकाने असतात. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक औषधी उत्पादनाची ताकद असते, म्हणजे एका गोळीत किंवा एका मिलिलिटरमध्ये मूळ घटक किती, याची माहिती. दैनंदिन मात्रेसाठी सध्याच्या आवृत्तीत स्वतंत्र रकाना नाही. दोन्ही तक्ते जोडून ती काढावी लागते.

गोळ्या आणि कॅप्सूल यांच्यासाठी सूत्र सरळ आहे. दिलेली संख्या गुणिले एका गोळीतील घटक, भागिले दिवस. आरंभीच्या उदाहरणात १५ गुणिले ५०० म्हणजे ७,५०० मिलिग्रॅम. त्याला ३० ने भागले की दिवसाला २५० मिलिग्रॅम. मुलाचे वजन २० किलो असेल तर किलोमागे १२.५ मिलिग्रॅम.

येथे एक शंका येऊ शकते. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असताना मुलाला रोज २५० मिलिग्रॅम कसे मिळाले? ज्या ठिकाणी लहान मुलांसाठी कमी ताकदीची कॅप्सूल किंवा पातळ औषध उपलब्ध नसते, तेथे एक दिवसाआड कॅप्सूल देऊन सरासरी मात्रा साधली जाते. ही कॅप्सूल घरी उघडून अर्धी करणे योग्य नाही, कारण तिच्यातील भुकटीचा संपर्क इतरांना अपायकारक ठरू शकतो. अशा वेळी नोंदीतील 'एक दिवसाआड' हे दोन शब्द गळले, तर पुढचे सर्व गणित बिघडते. तीच नोंद वाचणारा संगणक किंवा नवा डॉक्टर मात्रा किलोमागे २५ मिलिग्रॅम असल्याचे समजेल. पुढच्या खेपेस तेवढीच द्यायची म्हणून रोज एक कॅप्सूल लिहिली गेली, तर कागदावरची चूक मुलाच्या शरीरापर्यंत पोहोचते.

तीस दिवस की पंचेचाळीस?

दिवसांचा रकाना आणखी एका कारणाने फसवा आहे. औषध ३० दिवसांचे दिले, परंतु पालक मुलाला घेऊन ४५ व्या दिवशी परत आले, असे पुष्कळदा घडते. शेतीची कामे, बसभाडे, बुडणारी मजुरी अशी त्यामागे अनेक कारणे असतात. अशा वेळी ७,५०० मिलिग्रॅम औषध प्रत्यक्षात ४५ दिवसांना पुरवले गेले. दिवसाची सरासरी १६७ मिलिग्रॅमच्या आसपास येते आणि २० किलोच्या मुलासाठी किलोमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम.

म्हणजे एकाच नोंदीतून तीन उत्तरे निघतात. चिठ्ठीप्रमाणे १२.५, रकाना चुकला तर २५ आणि दोन भेटींतील अंतर धरले तर ८.३. मुलाला पुन्हा वेदनांचा झटका आला, तर औषधाचा गुण येत नाही म्हणून मात्रा वाढवावी की औषध नियमित मिळेल याची व्यवस्था करावी, हा निर्णय यांपैकी कोणता आकडा समोर आहे यावर अवलंबून राहील. म्हणूनच नोंदींचे अभ्यासक एका भेटीवर विसंबत नाहीत. लागोपाठच्या भेटींतील तारखा आणि दिलेली संख्या एकत्र मांडून ते मात्रा तपासतात.

वजनाची तारीख

मात्रा किलोमागे काढायची तर वजन हवे. वजन वेगळ्या तक्त्यात असते आणि त्याला त्याची स्वतःची तारीख असते. प्रौढांच्या बाबतीत वर्षापूर्वीचे वजन बहुधा चालून जाते, वाढत्या मुलांच्या बाबतीत चालत नाही.

वर उल्लेखिलेला मुलगा दोन वर्षांत २८ किलोचा झाला आणि औषध तेवढेच राहिले, तर दिवसाला २५० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे केवळ ८.९ मिलिग्रॅम. औषध नियमित घेऊनही मात्रा नकळत १० च्या खाली उतरते. चिठ्ठीत काहीही बदललेले नसते, त्यामुळे ही घट कोणाच्या सहज लक्षात येत नाही. नोंदींतील वजन ताजे असेल तर मात्र संगणक ही गोष्ट क्षणात दाखवू शकतो. प्रमाणित नोंदींचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

वजनाच्या रकान्यातील चुकाही ठरावीक प्रकारच्या असतात. दशांश चिन्ह गळून २०.० चे २०० होते. उंचीचा आकडा वजनाच्या जागी जातो. वजन न करता मागील भेटीचा आकडा पुन्हा उतरविला जातो. त्यामुळे मात्रा काढण्यापूर्वी वयाच्या मानाने अशक्य असलेली वजने वेगळी काढणे आणि औषध दिल्याच्या तारखेच्या सर्वांत जवळचे वजन निवडणे, या दोन पायऱ्या अनिवार्य ठरतात.

एक चमचा, एक युनिट

गोळ्यांचे सूत्र पातळ औषधांना जसेच्या तसे लागू होत नाही. तेथे 'संख्या' म्हणजे बाटल्या की मिलिलिटर, हे आधी ठरवावे लागते. ताप आलेल्या मुलांना दिले जाणारे पॅरासिटामॉलचे सिरप हे त्याचे घरोघरी परिचित उदाहरण आहे. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे १८० मिलिग्रॅम द्यायचे असतील, तर पहिल्या सिरपचे ७.५ मिलिलिटर लागतील आणि दुसऱ्याचे ३.६. नोंदीत केवळ 'पॅरासिटामॉल सिरप' असे असेल तर मुलाला किती औषध मिळाले, हे सांगणे शक्य नाही.

इन्सुलिनच्या बाबतीत भारताचे एक वेगळेपण आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन सामान्यतः मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचे असते, तर अनेक देशांत आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये ते १०० युनिटचे असते. १० मिलिलिटरच्या कुपीत पहिल्या प्रकारात ४०० आणि दुसऱ्या प्रकारात १,००० युनिट असतात. परदेशी औषधसूचीशी भारतीय नोंद जोडताना ४० च्या जागी १०० धरले गेले, तर मात्रा अडीचपट दिसते. प्रत्यक्ष वापरातही हाच धोका असतो, म्हणून ४० युनिटच्या सिरिंजला लाल आणि १०० युनिटच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते.

त्वचेवर लावायच्या पट्ट्यांचा हिशेब याहून निराळा. तेथे ताकद तासाच्या हिशेबाने दिलेली असते. ताशी २५ मायक्रोग्रॅम औषध सोडणाऱ्या पट्टीची दैनंदिन मात्रा २४ ने गुणून ६०० मायक्रोग्रॅम येते. पट्ट्या किती दिल्या, याचा या गुणाकाराशी संबंध नसतो.

एका गोळीत चार औषधे

क्षयरोगाच्या उपचारात एकाच गोळीत अनेक घटक असतात आणि गोळ्यांची संख्या वजनगटावरून ठरते. भारतात प्रौढ रुग्णांना पहिल्या टप्प्यात दिल्या जाणाऱ्या गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम असते. ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला दररोज तीन, तर ५० ते ६४ किलोच्या रुग्णाला चार गोळ्या दिल्या जातात.

५२ किलोच्या रुग्णाला चार गोळ्यांतून ६०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन मिळते, म्हणजे किलोमागे सुमारे ११.५ मिलिग्रॅम. त्याची नोंद ४८ किलो अशी राहिली तर त्याला तीन गोळ्या, म्हणजे ४५० मिलिग्रॅम मिळेल आणि प्रमाण ८.७ वर येईल. क्षयरोगात रुग्णाचे वजन आधी घटते आणि उपचाराने वाढते. त्यामुळे देशव्यापी 'निक्षय' प्रणालीत २०१२ पासून होणाऱ्या नोंदींमध्ये वजनाचा आकडा ही औपचारिकता राहत नाही. प्रमाणित नोंदींत अशा गोळीचे चार घटक स्वतंत्रपणे मोजावे लागतात, एक गोळी म्हणजे एक औषध असे धरून चालत नाही.

जागतिक मापदंडाची मर्यादा

औषधांच्या वापराची तुलना करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा एक मापदंड प्रचलित आहे. नॉर्वेतील ओस्लो येथे १९८२ मध्ये स्थापन झालेले संघटनेचे केंद्र तो सांभाळते. प्रौढ व्यक्तीला मुख्य आजारासाठी दिवसाला लागणारी गृहीत सरासरी मात्रा, असे त्याचे स्वरूप आहे. उदाहरणार्थ, मधुमेहावरील मेटफॉर्मिनसाठी ती २ ग्रॅम, तर पॅरासिटामॉलसाठी ३ ग्रॅम धरली जाते. एखाद्या जिल्ह्यात प्रतिजैविकांचा वापर वाढला की घटला, हे पाहण्यास हे माप उपयुक्त आहे.

एकेका रुग्णाची मात्रा ठरविण्यासाठी मात्र ते नाही. त्यात सुमारे ७० किलोची प्रौढ व्यक्ती गृहीत धरलेली असते. मुलांना ते लागू पडत नाही. शिवाय हायड्रॉक्सियुरियाची गणना कर्करोगावरील औषधांच्या गटात होते आणि या गटासाठी असा सरासरी आकडा ठरविलेलाच नाही, कारण येथे मात्रा रुग्णागणिक बदलते. त्यामुळे रायपूर असो वा गडचिरोली, सिकलसेलच्या औषधाचा हिशेब प्रत्येक रुग्णाच्या वजनावरूनच करावा लागतो.

पुण्यातून ठरणारी मानके

या सर्व नोंदी परस्परांना समजण्यासाठी समान संकेतांक लागतात. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. वैद्यकीय संज्ञांच्या 'स्नोमेड सीटी' या आंतरराष्ट्रीय संकेतावलीचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेत आहे. भारतात मिळणारी औषधे या संकेतावलीत बसविण्याचे काम तेथे होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नागरिकाला 'आभा' हा १४ अंकी क्रमांक मिळतो. रुग्णाच्या संमतीने त्याच्या नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयाला पाहता याव्यात, ही त्यामागील कल्पना आहे. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ केला. तीन वर्षांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन, ही त्याची उद्दिष्टे ठेवण्यात आली. या तपासणीतून सापडणाऱ्या रुग्णांना पुढे वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागणार आहे.

रायपूर आणि नागपूर ही शहरे एकाच लोहमार्गावर आहेत आणि राजनांदगाव, दुर्ग, गोंदिया या पट्ट्यातील कुटुंबे उपचारासाठी दोन्हीकडे जातात. रायपूरची चिठ्ठी नागपुरात वाचली जाते तेव्हा औषधाचे नाव, ताकद, संख्या, दिवस, घेण्याची रीत आणि वजन या सहाही गोष्टी सोबत पोहोचल्या, तरच मात्रा पुन्हा काढता येते. यांपैकी एक जरी गळली, तरी नव्या डॉक्टरला अंदाजावर चालावे लागते.

नोंदीला काय कळत नाही

हिशेब कितीही अचूक झाला, तरी त्यातून कळते ते दिलेले औषध. घेतलेले औषध नव्हे. वेदना थांबल्या म्हणून कॅप्सूल बंद केली, किंवा एका भावाची कॅप्सूल आजारी असलेल्या दुसऱ्या भावालाही दिली, तर नोंदीत त्याचा मागमूस नसतो. त्याचा पत्ता डॉक्टरांच्या प्रश्नांतून आणि रक्ततपासणीतूनच लागतो. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या रुग्णाची रक्ततपासणी म्हणूनच टाळता येत नाही. संगणकाने काढलेली मात्रा ही डॉक्टरांसाठी सूचना असते, निर्णय त्यांनीच घ्यायचा असतो.

टाळता येण्याजोग्या औषधविषयक अपायांची व्याप्ती पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये 'अपायाविना औषधोपचार' ही जागतिक मोहीम सुरू केली. भारतात २०१६ पासून डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम आहे. या उपायांना रुग्णाच्या घरच्यांचीही जोड मिळू शकते. प्रत्येक भेटीत मुलाचे वजन करून ते केस पेपरवर तारखेसह लिहून घेणे, औषधाचे वेष्टन किंवा बाटली सोबत नेणे, औषध रोज घ्यायचे की दिवसाआड हे लिहून मागणे आणि किती कॅप्सूल उरल्या ते न लपविता सांगणे, एवढ्या चार गोष्टींनी मात्रेच्या गणितातील बहुतेक रिकाम्या जागा भरल्या जातात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्रा वाढविणे, घटविणे किंवा औषध बंद करणे मात्र टाळलेच पाहिजे.